इंजिन बंद पडलं तेव्हा हातात तीन मिनिटं होती

प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझं विमान शेतात उतरलं. पुढचं चाक भुसभुशीत मातीत रुतून मोडलं, प्रॉपेलर वाकला, मी मात्र धडधाकट बाहेर आले. उड्डाण शिकायला नव्याने आलेले त्या दिवसाबद्दल विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

विमान सेसना १७२, जुनं कार्बुरेटरवालं (कार्बुरेटर म्हणजे इंधन हवेत मिसळून इंजिनात पाठवणारा भाग). हवा दमट, बाहेर १५ अंशांच्या आसपास. थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेऊन मी सावकाश खाली येत होते. जमिनीपासून २,२०० फुटांवर थ्रॉटल पुढे सरकवलं, तर इंजिन थरथरलं आणि त्याची ताकदच गेली. अशा वेळी एकदम शांतता पसरते असं मला वाटायचं. तसं होत नाही. वाऱ्याच्या झोताने प्रॉपेलर फिरत राहतो, आणि इंजिन गेलंय हे मन कबूलच करत नाही. माझे पहिले काही सेकंद थ्रॉटल मागे-पुढे करण्यात वाया गेले. वेगाकडे पाहिलं तेव्हा काटा ५५ नॉटवर (ताशी सुमारे १०० किमी) आला होता.

इंजिन गेलं तरी पंख शाबूत असतात. ६५ नॉटचा वेग धरला, तर हे विमान उंचीच्या साधारण नऊपट अंतर तरंगत जातं. २,२०० फुटांवरून म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. म्हणून आधी नाक खाली, वेग पक्का, ट्रिम (नाक त्याच कोनात टिकवणारी चकती). मग उतरायची जागा. त्यानंतरच फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी मूठ), मिक्श्चर (हवेत इंधन किती मिसळायचं ते), कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारी कळ), मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र). रेडिओवर मेडे (संकटाची हाक) आणि ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख पाठवणारं यंत्र) ७७०० हा आणीबाणीचा कोड सगळ्यात शेवटी, कारण रेडिओवरचा माणूस विमान उडवू शकत नाही.

हा क्रम चुकला की काय होतं, याचं एक उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर लाँग-ईझेड विमानाच्या अपघातात गेले. फ्युएल सिलेक्टरची मूठ त्यांच्या डाव्या खांद्यामागे होती. ती फिरवायला वळताना नकळत उजवा रडर (शेपटीचं सुकाणू फिरवणारं पेडल) दाबला गेला आणि विमान हाताबाहेर गेलं, असा तपासाचा निष्कर्ष होता.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं, तर धावपट्टीकडे वळायचा मोह होतो. कमी उंचीवर तो मोह जीव घेतो. ४५ अंश कलून, उंची राखत वळताना स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत) जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. त्यात नाक वर ओढलं की विमान स्टॉल होऊन एका पंखावर कोसळतं. समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरा. विमान मोडलं तरी चालेल.

मी निवडलेलं शेत वरून सपाट दिसलं. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब दिसतात. ते मला ३०० फुटांवर दिसले आणि घाईने जागा थोडी बदलावी लागली. टेकण्याआधी मिक्श्चर, इंधन, इग्निशन बंद केलं, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) खाली घेतले, मग मास्टर स्विच (विमानाची मुख्य वीज) बंद. दाराची कडी उघडून ठेवली, कारण धक्क्याने चौकट वाकली तर दार आतून उघडत नाही.

नंतर तपासणीत कार्बुरेटर उघडला, तर आत काहीच नाही. कोरडा, स्वच्छ. इंधनातही पाणी नव्हतं. कार्बुरेटरच्या अरुंद नळीत हवा विरळ होणं आणि इंधनाची वाफ होणं मिळून तापमान ३० अंशांहूनही जास्तने उतरू शकतं, आणि दमट हवेतलं बाष्प तिथे गोठतं. त्या दिवशीच्या हवेत दुसरं कारण सापडलं नाही, आणि बर्फ असलाच तर तो माणसं पोचण्याआधी विरघळला होता. मी कार्ब हीट ओढली होती, पण उशिरा. ती उष्णता एक्झॉस्टवरून येते. इंजिन थंडावलं की तीही जाते. म्हणून आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) विनाकारण पन्नास-शंभरने उतरताना दिसला की तेव्हाच कार्ब हीट पूर्ण ओढायची. बर्फ वितळताना इंजिन आणखी खडखडतं, आरपीएम आणखी पडतो, आणि घाबरून नवशिके ती परत ढकलतात. ढकलू नका. पाणी निघून जाईपर्यंत कळ काढा.

आता उतरायला सुरुवात करताना माझा हात थ्रॉटलच्या आधी कार्ब हीटवर जातो.