दोन वर्षांच्या ग्रीन कार्डाची अट काढताना: आय-७५१ सोबत काय जोडायचं आणि काय नाही

अमेरिकी नागरिकाशी झालेल्या लग्नामुळे ग्रीन कार्ड मिळालं आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ते कार्ड दोनच वर्षांचं असतं. कॅटेगरीच्या जागी सीआर१ किंवा सीआर६ छापलेलं दिसेल. मुलांच्या कार्डावर सीआर२ किंवा सीआर७. खोट्या लग्नांना आळा घालायला १९८६ साली अमेरिकी काँग्रेसने ही अट आणली: मुदत संपताना लग्न खरं असल्याचं पुन्हा दाखवायचं. हे कार्ड 'रिन्यू' होत नाही. मुदत वाढवायला आय-९० भरा असा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्या, तो फॉर्म या कामाचा नाही. इथे आय-७५१ हा फॉर्म भरायचा आणि अट काढून घ्यायची.

तारीख मोजा, महिने नव्हे

नवराबायको मिळून अर्ज करत असाल तर तो कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांतच पोचला पाहिजे. 'तीन महिने आधी' असं तोंडी सांगितलं जातं आणि तिथेच गडबड होते. समजा कार्ड १५ नोव्हेंबर २०२६ ला संपतं. ९० दिवस मागे मोजले की १७ ऑगस्ट येते. १५ ऑगस्टला पोचलेलं पाकीट दोन दिवस लवकरचं ठरतं आणि परत येतं. टपालात टाकल्याची तारीख धरत नाहीत, त्यांच्या हातात पडल्याची धरतात. म्हणून खिडकी उघडल्यावर आठवडाभराने पोचेल असं पाठवा. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका: पाकीट काही कारणाने परत आलं तर पुन्हा पाठवायला वेळ हवा. मुदत उलटून गेलीच, तर उशिराचं सबळ कारण लेखी द्यावं लागतं, आणि 'विसरलो' हे सबळ कारण नाही.

फॉर्म आणि फी

फॉर्म यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवरून पाठवण्याच्या आठवड्यातच उतरवून घ्या. सगळ्या पानांच्या तळाशी एकच आवृत्ती-तारीख हवी. सही दोघांची, पेनाने. टाइप केलेलं नाव सही म्हणून चालत नाही. १ एप्रिल २०२४ पासून फी ७५० डॉलर आहे, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) त्यातच. तरी पाठवायच्या दिवशी आकडा आणि पत्ता दोन्ही पुन्हा तपासा. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी चेक सहसा घेत नाहीत: अमेरिकी बँकेच्या कार्डाने पैसे भरायला जी-१४५० हा फॉर्म जोडा, थेट खात्यातून कापायचे असतील तर जी-१६५०. कार्डाने भरणार असाल तर बँकेला आधी कळवून ठेवा. व्यवहार अडला की अख्खा अर्ज परत येऊ शकतो.

ग्रीन कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत जोडा. मुलांना कार्ड तुमच्याच दिवशी किंवा त्यानंतर ९० दिवसांत मिळालं असेल तर ती तुमच्याच अर्जात येतात, नाहीतर त्यांचा अर्ज वेगळा. कधी अटक झाली असेल, अगदी खटला रद्द झाला असला तरी, कोर्टाचा प्रमाणित निकाल लागतो.

नावाचा घोळ मराठी घरांत हमखास असतो. माहेरचं नाव, वडिलांचं मधलं नाव, सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव: पासपोर्टवर एक, सोशल सिक्युरिटी कार्डावर दुसरं. 'वापरलेली इतर नावे' या रकान्यात झाडून सगळी लिहा आणि दुवा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. मराठीतल्या कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा नीट येतात, असं भाषांतरकाराने लिहून सही, पत्ता, तारीख द्यायची. नोटरी लागत नाही. दोघांपैकी कोणी स्वतःच भाषांतर करून सही ठोकू नका, दुसऱ्याकडून घ्या.

पुरावे: अर्ज अडतो तो इथे

बहुतेक जण इथे लग्नाचा अल्बम पाठवतात. मेंदी, सीमांतपूजन, सप्तपदी, रिसेप्शन, दोनशे फोटो. त्याने काही होत नाही. लग्न लागलं हे पहिल्या अर्जात दाखवून झालंय. लग्न करतानाचा हेतू खरा होता का, हाच कायद्याचा प्रश्न आहे. पण मनातला हेतू कागदावर उमटत नाही. म्हणून अधिकारी त्यानंतरचे दिवस पाहतो: कार्ड मिळाल्यापासून आजपर्यंत हे दोघं एका घरात, एका खर्चात राहिले का? लग्न नव्हे, संसार दाखवायचा आहे.

यातून निघणारा नियम असा की पुराव्याचं वजन त्याच्या जाडीत नसतं, तो दोन वर्षांवर किती पसरलाय यात असतं. एका महिन्याची चाळीस पानं पाठवण्यापेक्षा दर तीन-चार महिन्यांतलं एकेक पान पाठवा. कागदावर एक रेघ ओढा, डावीकडे कार्ड मिळाल्याची तारीख, उजवीकडे आजची. प्रत्येक पुरावा तिच्यावर टाका. जिथे सहा महिने रिकामे दिसतील तिथेच पुढे प्रश्न येणार.

सगळ्यात जड कागद म्हणजे 'मॅरीड फायलिंग जॉइंटली', म्हणजे नवराबायकोने एकत्र, भरलेल्या टॅक्सचा. भरलेल्या १०४०ची (टॅक्स रिटर्नच्या फॉर्मची) प्रत देऊ नका, कारण ती खरंच दाखल केली होती का हे तिच्यावरून कळत नाही. आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) साइटवरून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे दाखल झालेल्या रिटर्नचा उतारा, फुकट मिळतं, मधल्या प्रत्येक वर्षाचं घ्या. विवाहित असून वेगवेगळे रिटर्न भरले असतील तर का, ते चार ओळींत आधीच लिहा. 'सिंगल' म्हणून भरले असतील तर पहिल्यांदा टॅक्सवाल्याकडे जाऊन ते दुरुस्त करा, मग इकडे या.

मग घर. लीजवर किंवा मॉर्गेजवर दोघांची नावं असली की काम सोपं. नूतनीकरणाच्या सगळ्या लीज जोडा, फक्त शेवटची नको. सासूसासऱ्यांच्या किंवा दिराच्या घरी राहत असाल तर लीज असणारच नाही, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. घर ज्यांचं आहे त्यांच्याकडून 'हे दोघं अमुक तारखेपासून इथे राहतात' असं सहीचं पत्र घ्या, सोबत त्यांच्या नावाचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, आणि त्याच पत्त्याची दोघांची ड्रायव्हिंग लायसन्स. त्या पत्त्यावर दोघांच्या नावे वेगवेगळ्या तारखांना आलेली बँकेची, विम्याची पत्रंही घाला. नुसतं सासऱ्यांचं पत्र लंगडं असतं.

बँकेचं जॉइंट खातं सगळे दाखवतात, पण खात्यावर दोन नावं असणं वेगळं आणि खातं दोघांनी वापरणं वेगळं. पगार त्यात येतो का? भाडं त्यातून जातं का? किराणा, गॅस, वीज, मुलाचं डे-केअर? घरी असणाऱ्या जोडीदाराच्या डेबिट कार्डावरचे व्यवहार दिसतील असे महिने निवडा. वर्षाला तीन-चार स्टेटमेंट पुरेत. अर्जाच्या महिनाभर आधी उघडलेलं खातं म्हणजे तहान लागल्यावर खोदलेली विहीर. खातं कधी उघडलं हे अधिकाऱ्याला दिसतं, आणि त्यामुळे बाकीचे खरे कागदही संशयात येतात. खातं खरोखर उशिरा उघडलं असेल तर जोडा, पण त्याच्यावर भार टाकू नका. वेगळी खाती ठेवून एकमेकांना पैसे पाठवत असाल तर ते व्यवहार दाखवा. क्रेडिट कार्डावर जोडीदार 'ऑथराइज्ड यूजर' असला तरी त्याचं नाव बऱ्याचदा स्टेटमेंटवर छापत नाहीत. बँकेकडून तसं पत्र मागून घ्या.

विमा आणि वारसा हे दुर्लक्षित पण उत्तम कागद. हेल्थ इन्शुरन्सवर जोडीदार डिपेंडंट, कार इन्शुरन्सवर दोन ड्रायव्हर, ४०१-के या निवृत्तीच्या खात्याचा आणि आयुर्विम्याचा बेनिफिशियरी (वारस). आपण मेल्यावर पैसे कोणाला मिळावेत हे कोणी गंमत म्हणून लिहीत नाही, आणि हे अधिकाऱ्यालाही कळतं. भारतातल्या एलआयसीत जोडीदार नॉमिनी असेल, मुदत ठेव दोघांच्या नावे असेल, तर तेही घाला, पण पुरवणी म्हणून. मुख्य पुरावा अमेरिकेतल्या रोजच्या जगण्याचा. मूल झालं असेल तर जन्मदाखला सगळ्यात वर.

नोकरीमुळे दोघं दोन शहरांत असाल तर ते झाकू नका. ऑफर लेटर, शनिवार-रविवारची तिकिटं, दोन्ही घरांचा खर्च कोण कसा उचलतं, आणि एका पानाचं निवेदन. पत्ते वेगळे असणं हा गुन्हा नाही. ते अधिकाऱ्याला आपणहून सापडणं महागात पडतं.

प्रतिज्ञापत्रं मूळ प्रतीत पाठवा. देणारे किमान दोघे, तुम्हाला कार्ड मिळालं तेव्हापासून दोघांनाही ओळखणारे. त्यात त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी नातं आणि माहिती कशी ठाऊक ते लागतं. पुण्यातल्या मावशीपेक्षा दर महिन्याला घरी जेवायला येणारा मित्र बरा. एकाच साच्यातून काढलेली चार पत्रं एका खऱ्या पत्राइतकीही भरत नाहीत. 'अतिशय प्रेमळ जोडपं आहे' हे वाक्य काढून टाका. 'दोन्ही वर्षी त्यांच्या घरच्या गणपतीला गेलो, डिसेंबरमध्ये त्यांचं घर हलवायला मदत केली' असं लिहायला सांगा. आणि नुसत्या प्रतिज्ञापत्रांवर अर्ज तरत नाही, मागे कागद लागतातच.

फोटो दहा-पंधरा. साध्या कागदावर पानाला दोन, खाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहेत. वेगवेगळे ऋतू आणि दोन्हीकडची माणसं दिसू द्या. व्हॉट्सअॅपच्या गप्पांचे गठ्ठे नकोत. एका छपराखाली राहणारी माणसं एकमेकांना 'दूध आण' यापलीकडे फारसं लिहीत नाहीत.

सही करायला जोडीदार नसेल तर

घटस्फोट झाला, जोडीदार वारला, छळ झाला किंवा देश सोडणं आत्यंतिक हालाचं होईल, अशा स्थितीत एकट्याने वेव्हर, म्हणजे संयुक्त अर्जातून सूट, मागता येतो. त्याला ९० दिवसांची खिडकी नाही. 'सही देणार नाही, मग बघू कशी राहतेस' ही धमकी म्हणूनच पोकळ आहे. छळ असेल तर घटस्फोट होईपर्यंत थांबायची गरज नाही. पोलिसांचे, डॉक्टरांचे, समुपदेशकाचे कागद आणि स्वतःचं सविस्तर निवेदन द्यायचं. घटस्फोटाच्या कारणावर मात्र अंतिम हुकूमनामा लागतो, खटला चालू असणं पुरत नाही. भारतात परस्पर संमतीने, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब खाली गेलात, तर दोन अर्जांमध्ये सहसा सहा महिने जातात, हे हिशेबात धरा. आणि या सगळ्या प्रकारांत इमिग्रेशनचा वकील करा. सरळ संयुक्त अर्जाला तो लागत नाही, इथे लागतो.

पाकीट आणि त्यानंतर

वर पुराव्यांची यादी, मग फॉर्म, मग गटवार कागद. एका बाजूला छापलेले, स्टेपल आणि फाइल न लावता, कारण सगळं स्कॅन होतं. पेन ड्राइव्ह नको. पूर्ण संच स्वतःकडे ठेवा.

पोच येते ती आय-७९७. तिच्यावर कार्डाची मुदत ४८ महिने वाढल्याचं लिहिलेलं असतं. संपलेलं कार्ड आणि हे मूळ पत्र, दोन्ही मिळून नोकरीला आणि भारतात जाऊन यायला चालतं. म्हणून जुनं कार्ड फेकू नका आणि पत्र चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. घर बदललं तर १० दिवसांत यूएससीआयएसला कळवा; पोस्टाच्या फॉरवर्डिंगवर विसंबू नका.

पुरावा कमी वाटला तर आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस, येते. उत्तर एकदाच देता येतं, म्हणून हातात असेल ते घाईने न धाडता नोटिशीतल्या तारखेपर्यंतचा वेळ वापरा आणि मधल्या काळातले नवे कागद घाला. मुलाखत कधी होते, कधी माफ होते. अर्ज पडून असताना नागरिक जोडीदारासोबतची तीन वर्षं भरत आली तर एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, टाकता येतो. मग दोन्ही अर्ज अनेकदा एकाच मुलाखतीत निघतात, आणि तिथे जोडीदाराला सोबत नेणं बरं. जाताना आय-७५१ पाठवल्यानंतरच्या काळाचे टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, लीज आणि स्टेटमेंट घेऊन जा.