डिटेक्टरचा हात बसवायचा तर जांभ्यावर

भूसुरुंग शोधायला पोरं तयार करायची तर पन्हाळ्याकडची जांभ्याची माती लय भारी, कारण त्यात लोखंड एवढं की मेटल डिटेक्टरचं मशीन उगाच बोंबलतंय, म्हणून आधी ग्राउंड कॉम्पेन्सेशन, म्हणजे मातीमुळं येणारा आवाज मशीनला दाबायला लावायचं, ते शिकवा. मग १ मीटर रुंद पट्टा आखून त्यात खिळे, पिना पुरा, खरा सुरुंग अजिबात नको. हेड, म्हणजे मशीनची खालची शोधायची चकती, जमिनीला समांतर, अगदी जवळनं, सावकाश, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढलीच पाहिजे. पोरं कडेला आली की हेड वर उचलत्यात, नेमकं तिथंच सुटतंय बघा. प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू कधीकधी बारक्या पिनेएवढाच असतोय, त्यामुळं बारीक आवाजही सोडायचा नाही. आवाज आला की चारी बाजूंनी आत येत खुणा करायच्या. आणि रोज कामाआधी टेस्ट पीसवर, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या धातूच्या तुकड्यावर, मशीन तपासायचं, कालच बघितलंय असलं चालत नाही.