वालचंदांचा विमान कारखाना बघायचाय? सोलापूरहून असं जा

सोलापुरात वालचंद हे नाव आपण कॉलेजमुळे रोज घेतो, पण आपल्याच गावात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी देशातला पहिला विमान कारखाना काढला हे पोरांना सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही. म्हणून आम्ही सगळे बेंगलोरला जाऊन आलो, सोबत आई-आण्णा पण होते, आणि ज्यांना म्हातारी माणसं नि लहान पोरं घेऊन निवांत जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पोरांना घरीच एक सांगून ठेवा. वालचंदांचा तो बेंगलोरचा कारखाना म्हणजे आजची एचएएल, हिंदुस्तान एरोनॉटिक्स, आता संरक्षण खात्याचा कारखाना, आत जिथं विमानं बनतात तिथं आपल्याला सोडत नाहीत, आपण बघतो ते कारखान्याला लागून असलेलं त्यांचं म्युझियम, २००१ साली सुरू झालेलं. मी हे सांगायला विसरले आणि धाकटी गेटवरच रडायला लागली, विमान बनवताना कुठं दिसणार म्हणून, तिला समजवण्यात अर्धा तास गेला. सुट्टीचा वार आणि वेळ फोन करून विचारा नि मगच रेल्वेचं तिकीट काढा.

जायला हसन एक्सप्रेस बरी, ती सोलापुरातूनच सुटते त्यामुळं म्हाताऱ्यांना घेऊन गर्दीत घुसावं लागत नाही, संध्याकाळी बसायचं आणि सकाळी बेंगलोरच्या यशवंतपूर स्टेशनला उतरायचं. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे घ्या, दोन दिवस काही होत नाही त्याला. यशवंतपूरहून मेट्रोची ग्रीन लाईन, मॅजेस्टिकला बदलून पर्पल, इंदिरानगरला उतरून पुढं रिक्षा. आमच्या आईला कन्नड येतं, आपल्याकडं बऱ्याच घरांत येतंच, तिकडची बोली वेगळी असली तरी रिक्षावाल्याशी तिचं मस्त जमलं.

त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका हो. लालबागही करू, कब्बन पार्कही करू असं केलं की पोरं दमतात आणि म्हातारी माणसं गप्प बसून राहतात, कुणालाच काही बघितल्यासारखं वाटत नाही.

आत गेल्या गेल्या पोरं बाहेर मांडलेल्या विमानांकडंच पळतात, पळू द्या, ऊन चढायच्या आत तेच बघून घ्यायचं. मिग-२१, किरण, कॅनबेरा अशी खरी विमानं आहेत, पण मी म्हणेन मारुतपाशी जास्त वेळ थांबा. १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं, आपल्या देशात बनलेलं लढाऊ विमान, कुर्ट टँक नावाच्या जर्मन इंजिनिअरनं आपल्या लोकांना घेऊन डिझाईन केलेलं. पंख अंगाला जिथं जोडलेत तिथं नीट बघा, विमान कमरेत बारीक झाल्यासारखं दिसेल. आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर हवा फार अडवते, ती कमी अडवावी म्हणून तिथं अंग आत घेतलंय. आणि पत्र्यावरचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, दाखवा पोरांना, शेकडो आहेत पण एकाचंही डोकं वर आलेलं नाही, तेही हवेसाठीच. आमच्या थोरल्यानं एका पट्टीवरचे मोजायला घेतले ते बराच वेळ हलेचना.

ऊन तापलं की हॉलमध्ये. एका हॉलमध्ये १९४० पासूनचे फोटो दशकाप्रमाणं लावलेत, इथं वालचंदांची गोष्ट सांगायची. १९३९ मध्ये प्रवासात त्यांची एका अमेरिकन विमान कंपनीवाल्याशी गाठ पडली आणि तिथून हे डोक्यात आलं, मग म्हैसूर संस्थानानं, दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि पैसा दोन्ही दिलं, २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली आणि १९४१ मध्ये हार्लो नावाचं पहिलं ट्रेनर, म्हणजे उडवायला शिकायचं, विमान उडालंसुद्धा! युद्ध चालू होतं म्हणून १९४२ मध्ये सरकारनं कारखाना ताब्यात घेतला, आणि हा माणूस त्याच वेळी जहाजं आणि मोटारीही बनवायच्या मागं होता. हे सगळं फोटोसमोर उभं राहून सांगितलं की पोरं ऐकतात, घरी सांगितलं तर मोबाईलमध्ये बघतात.

दुसरा हॉल इंजिनांचा, आणि हा आण्णांचा. आण्णा तीस वर्षं कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एकाला एक लागून पाती बसवलेली असतात, ती बघून ते म्हणाले, "अगं, ही तर फणीच की!" मागावर धागे ज्यातून ओवतात ती दाट पट्ट्यांची फणी ज्यांनी बघितलीय त्यांना लगेच पटेल. मग त्यांनीच नातवाला समजावलं, पुढून हवा ओढायची, पात्यांच्या रांगांनी ती दाबत दाबत न्यायची, इंधन टाकून पेटवायची, गरम वायू मागून जोरात बाहेर, आणि जाता जाता तोच मागची पाती फिरवतो, ती एकाच दांड्यावर असल्यामुळं पुढची पण फिरतात. मी एवढं सोपं करून सांगू शकले नसते. तुमच्या घरात कुणी मिलमध्ये, गॅरेजमध्ये, लेथवर काम केलेलं असेल तर इथं तुम्ही गप्प राहा आणि त्यांना बोलू द्या.

दुपारी डबा खाऊन झाडाखाली नुसतं बसायचं. शेजारीच एचएएलची धावपट्टी आहे, २००८ पर्यंत बेंगलोरचं विमानतळ हेच होतं, आता प्रवासी विमानं देवनहळ्ळीला जातात पण कारखान्याची विमानं, हेलिकॉप्टरं टेस्टला इथूनच उडतात. आम्ही बसलो होतो आणि अचानक डोक्यावरून एक ध्रुव हेलिकॉप्टर गेलं, धाकटी सकाळचं रडणं विसरून उभी राहून ओरडली, "हे इथलंच ना?"

चारच्या सुमारास निघा, मेट्रोला संध्याकाळी फार गर्दी होते. परतीला रात्रीची उद्यान एक्सप्रेस घ्या, आई-आण्णांसाठी खालचे बर्थ आधीच मागून ठेवा.