‘डबल डेअर’ मैदानावर खेळवायचं असेल तर

निकलोडियन या अमेरिकी वाहिनीवर 1986 साली सुरू झालेला ‘डबल डेअर’ हा मुलांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चिकट राड्यासाठी लक्षात राहिला. पण त्याची खरी ताकद गुणांच्या हिशेबात आहे. शिबिरात किंवा सोसायटीत हा खेळ घेणारे बहुतेक जण राड्याची तयारी जोरात करतात आणि हिशेब सोडून देतात. मग तासाभरात खेळ विस्कटतो.

आधी नियम. दोन-दोन मुलांचे दोन संघ, एक लाल, एक निळा. पहिल्या फेरीत प्रश्न 10 गुणांचा. ज्याची पाळी आहे त्या संघाने उत्तर द्यायचं, नाहीतर समोरच्याला ‘डेअर’ द्यायचं. प्रश्न 20 चा होतो. समोरच्यांनी ‘डबल डेअर’ म्हणून तो परतवला की 40 चा. आता पहिल्या संघापुढे दोनच वाटा: उत्तर किंवा स्टंट, म्हणजे ठरलेल्या वेळात करून दाखवायची कसरत. उत्तर चुकलं, दहा सेकंदांत आलं नाही किंवा स्टंट फसला, तर त्या क्षणी जेवढे गुण पणाला असतील तेवढे आणि पुढची पाळी, दोन्ही समोरच्यांना. दुसऱ्या फेरीत सगळं दुप्पट: 20, 40, 80.

यावरून स्टंट किती अवघड हवा ते ठरतं. तो हमखास जमणारा असेल, तर मुलं प्रश्नाचं उत्तर येत असूनही डेअर देत सुटतात, कारण तिथे चौपट गुण आहेत. कधीच जमत नसेल, तर कुणी डेअरच्या वाटेला जात नाही. म्हणून प्रत्येक स्टंट त्याच वयाच्या, पण खेळात नसलेल्या मुलांकडून पाच वेळा करून घ्या. पाचपैकी दोन-तीनदा जमला तर ठेवा. वेळ 20 किंवा 30 सेकंद. उदाहरणार्थ, एकाने डोक्यावर प्लास्टिकची बादली धरायची, दुसऱ्याने दोन मीटरवरून ओले स्पंज फेकायचे, 30 सेकंदांत तीन झेलायचे. पाचही वेळा जमलं तर अंतर अर्ध्या मीटरने वाढवा. वेळ मात्र कमी करू नका; 15 सेकंदांत मुलं नुसती गोंधळतात.

प्रश्न असा हवा की समोरच्याला येत असेल की नाही, याची शंका यावी. ‘बुद्धिबळाच्या पटावर घरं किती?’ चांगला आहे: 64 हे पाठ नसलं तरी मनात गुणाकार करता येतो. ‘कोळ्याला डोळे किती?’ नको; बहुतेक जातींना आठ असतात, काहींना सहा, आणि पालक वाद घालायला उभे राहतात. एका फेरीला वीस प्रश्न लिहून ठेवा, त्यातले निम्मे तरी मध्यम.

चिकट खळीसाठी एक लिटर पाण्याला 60 ग्रॅम कॉर्नफ्लोअर. ते आधी कपभर गार पाण्यात कालवा, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय वापरू नका, वरून गार लागली तरी आत बराच वेळ गरम राहते. उन्हाळ्यात रात्रीची खळ सकाळी आंबते, म्हणून त्याच दिवशी करा. रंगासाठी हळद नको, तिचे डाग जात नाहीत; खायचा रंग चिमूटभर पुरे. शेव्हिंग फोम आणि साबण डोळ्यांत झोंबतात. खरं दूध-दही, शेंगदाण्याचा कूट आणू नका: अन्नाची नासाडी होते, शिवाय एखाद्या मुलाला ॲलर्जी असू शकते.

शेवटची अडथळ्यांची शर्यत जिंकणाऱ्या संघाची: 60 सेकंद, आठ अडथळे, प्रत्येकात एक नारिंगी झेंडा. एकाने झेंडा काढून जोडीदाराच्या हाती द्यायचा, मगच जोडीदाराने पुढच्या अडथळ्याला हात घालायचा. एका अडथळ्याला सरासरी साडेसात सेकंदच मिळतात. म्हणून चार अडथळे पाच सेकंदांचे, तीन आठ सेकंदांचे आणि खळीच्या घमेल्यात झेंडा शोधण्याचा एकच 15 चा ठेवा. बेरीज 59 होते. चोख धावलेला संघ जेमतेम पोहोचतो, आणि तीच मजा. दहा वर्षांखालच्यांना सहाच अडथळे पुरेत.

चढायचं, उडी मारायची ते सगळं खळीच्या आधी. ओले तळवे शिडीवरून सटकतात. जागा गवताची किंवा मातीची. फरशीवर ताडपत्री अंथरणं ही सर्रास होणारी चूक, कारण ओली ताडपत्री फरशीहून निसरडी. टीव्हीवरही या शर्यतीत मुलांना हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड घालत. सायकलचं हेल्मेट आणि स्केटिंगचे पॅड चालतात. अनवाणी कुणाला सोडू नका.

खेळ संपल्यावर खळ वाळायच्या आत पाणी मारा. उरलेली मोरीत ओतली तर पाइप तुंबतो, ती मातीत जिरवा.