या चुका टाळा : बोअरचं पाणी, गॅस आणि पीएच

पीएच (पाण्याची आम्लता सांगणारा आकडा, गॅस वाढला की उतरणारा) ६.६ वर आणा, असं कुठल्यातरी व्हिडिओत ऐकून पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड गॅस वाढवत नेणं ही झाडांच्या फिशटँकमधली मला सगळ्यात घातक वाटणारी चूक. तो आकडा मऊ पाण्याचा असतो. आपल्या मराठवाड्यात काळ्या बसाल्टातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड, बायकार्बोनेटने भरलेलं. ते मोजायचं माप म्हणजे केएच, आणि ते माहीत नसेल तर नुसत्या पीएचवरून गॅस कळत नाही.

केएच ४ असताना पीएच ६.६ म्हणजे साधारण ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) कार्बन डायऑक्साइड. झाडांना तेवढा भरपूर. केएच १२ च्या पाण्यात तोच ६.६ गाठलात तर गॅस ९० पीपीएमच्या घरात जातो आणि मासे गुदमरतात. तिथे ७.१ लाच थांबायचं. उन्हाळ्यात नळाचं पाणी बंद होऊन टँकर सुरू झाला की केएच पुन्हा मोजा, जुना आकडा धरून बसू नका.

पीएच उतरवायला ॲसिडची बाटली तर आणूच नका. जड पाण्यात पीएच एक-दोन दिवसांत परत चढतो. शिवाय फॉस्फेटवालं औषध असेल तर पीएच आणि केएचवरून गॅस काढायचा तक्ता खोटं सांगू लागतो. पाणी मऊच हवं असेल तर आरओचं पाणी मिसळा.

ड्रॉप चेकरमध्ये (टाकीत लावायची, रंगावरून गॅस दाखवणारी छोटी कुपी) टाकीचं पाणी नको, केएच ४ चं तयार द्रावणच भरा. हिरवा रंग ठीक, पिवळा म्हणजे गॅस जास्त. मात्र तो रंग तास-दोन तास मागे असतो, त्यामुळे गॅस वाढवल्यावर माशांकडेच बघत राहा.

लाइट जाते तिथे गॅस चालू-बंद करायला काट्याच्या टायमरवर विसंबू नका. तीन तास वीज गेली की तो तीन तास मागे पडतो आणि गॅस रात्रीपर्यंत चालू राहतो. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यात एप्रिल-मेच्या गरम पाण्यात तो आधीच कमी. बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्या. गॅससाठी साखर-यीस्टची बाटली लावली असेल तर ती बंदच होत नाही, म्हणून रात्री एअर पंप हवाच, तोही बॅटरीवर चालणारा.

मासे वर येऊन धापा टाकू लागले तर आधी गॅस बंद, मग एअर पंप जोरात, आणि थोडं पाणी बदला. पीएच वाढवायला खायचा सोडा टाकू नका. त्याने केएच वाढतो, गॅस आहे तिथेच राहतो.