थंडीत मेंढ्या आणि राखणीची कुत्री : या चुका टाळा

दिवाळी सरली, परभणी-हिंगोलीकडं पारा उतरायला लागला की मला फोन सुरू होतात. "मामा, कोकरं ढासायलेत, नाकं वाहायलेत." मी आधी एवढंच विचारतो, शेडला ताडपत्री कुठपर्यंत लावली? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं : पार पत्र्यापर्यंत.

आपली दख्खनी मेंढी माळावर वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, उघड्यावर रात्र काढत आलेली आहे. धडधाकट मेंढीला कोरडी थंडी सोसते. तिला मारते ती ओल आणि कोंडलेली हवा. शेड चारही बाजूंनी बांधलं की मुतातला अमोनिया आत साचतो, घसा आणि फुप्फुसं जाळतो. श्वासाची वाफ पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे तेच पाणी कळपाच्या पाठीवर ठिबकतं. न्यूमोनियाला आणखी काय लागतं?

आमच्याच शिवारात एका पोरानं नोकरी सोडून मेंढ्या घेतल्या. सगळं ज्ञान व्हिडिओंवरचं. थंडीची चाहूल लागताच त्यानं शेड डब्यासारखं बंद केलं आणि वर रात्री घमेल्यात निखारे आत ठेवायला लागला. कोकरं ढासायला लागली तर डॉक्टरला न बोलावता कुणाकडचं तरी उरलेलं इंजेक्शन टोचलं. खोकला जरा दबला आणि गड्याला वाटलं, जमलं. मग कोकरं एकामागून एक जायला लागली. मी गेलो तेव्हा दारातच डोळ्यांतून पाणी आलं. त्याला म्हटलं, मेंढीच्या नाकाइतकं खाली बस आणि थोडा वेळ थांब. त्याला काही बसवेना. दुपारपर्यंत आम्ही वरची ताडपत्री सोडवली, ओली लेंडी खरडून काढली, निखारे बंद केले आणि डॉक्टरांना बोलावून नीट औषध सुरू केलं. काही कोकरं वाचली, पण जी गेली ती फुकट गेली याचा मला आजही राग येतो.

मी शेडचा खालचा तीनेक फूट भाग बारदान्यानं झाकतो, वरचा मोकळा ठेवतो. वारा ज्या बाजूनं झोंबतो तिथं कडब्याची गंज लावतो. खाली सोयाबीनचं कोरडं भुसकट टाकतो, ओलं झालं की त्याच दिवशी काढतो. रोज सकाळी शेडमध्ये उकिडवं बसून वास घेतो. यंत्रबिंत्र लागत नाही.

दुसरी चूक कुत्र्यांची, आणि ती मला जास्त खुपते. मेंढरू मेलं की त्याचं मुंडकं कुत्र्यापुढं टाकायचं. कुणी वाया जाऊ नये म्हणून टाकतं, कुणी पुरायचा कंटाळा म्हणून. मग काही महिन्यांनी एखादं वर्षाच्या आतबाहेरचं मेंढरू मान वाकडी करून एकाच अंगाला गरगर फिरायला लागतं, कळपातून मागं पडतं, कुडाला डोकं लावून उभं राहतं. लोक नजर लागली म्हणतात, उतारा टाकतात. त्याच्या मेंदूत पाण्याचा फोड झालेला असतो. फोडातल्या जंताची पिल्लं मुंडक्यासोबत कुत्र्याच्या पोटात जातात, आतड्यात पट्टकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि चाऱ्यातून परत मेंढरात येतात. त्याच्याच जातीतला दुसरा जंत मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, आणि फुप्फुसात फोड करतो. त्याची अंडी कुत्र्याकडून माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्याही काळजात तसेच फोड होतात. कुत्र्याच्या गळ्यात पडणारी लेकरं तुमचीच आहेत ना?

म्हणून आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मेलेलं जनावर चुना टाकून खोल पुरलं जातं, कुत्र्याला कच्चं मुंडकं, काळीज, फुप्फुस काही मिळत नाही. दर तीन महिन्यांनी कुत्र्यांना जंताचं औषध देतो. कोणतीही गोळी चालत नाही, तिच्यात पट्टकृमी मारणारं प्रॅझिक्वांटेल आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. रेबीजची लस दरवर्षी. मेंढ्यांवर हजारो रुपये घालणारा माणूस कुत्र्याच्या गोळीला मागंपुढं पाहतो, हे मला समजत नाही.

दव वाळल्याशिवाय कळप सोडू नका. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंताच्या अळ्या चढलेल्या असतात. वर उपाशीपोटी ओला हरभरा खाल्ला तर पोट फुगतं. सोडायच्या आधी मूठभर कडबा तोंडात पडू द्या.

खरीप ज्वारीच्या धसकटांना फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांवर मेंढरं घालू नका, विषबाधा होते. तुरीच्या खळ्यावर तर अजिबात नाही. दाण्यावर तुटून पडलेलं मेंढरू संध्याकाळपर्यंत आडवं होतं.

ऐन पौषात लोकर कातरू नका. व्यापारी घाई करतो, कारण थंडी त्याच्या अंगावर येत नसते.

कोकरू जन्मलं की पोत्यानं कोरडं पुसा, नाळेला आयोडीन लावा, तासाभरात चीक पाजा. थंडीत चीक उशिरा मिळालेलं कोकरू पहाट बघत नाही.

आणि राखणीला कारवानी घेऊ नका. ते सशामागं पळायचं कुत्रं, कातडी पातळ, रात्रभर कुडकुडतं. आपलं गावठी पिल्लू घ्या, दूध सुटताच कोकरांत वाढवा. मोठं झालं की गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला आणि रात्री मोकळं सोडा. बांधलेलं कुत्रं लांडग्याला नुसतं भुंकून दाखवतं.