वायरलेस लिंकचा वेग वाढवण्याआधी करायचा हिशेब

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आणि शहरातले त्याचे कार्यालय यांच्यात ५ किलोमीटरची वायरलेस लिंक आहे, असे धरू. वेग मंदावला की बहुतेक जण आधी रेडिओची शक्ती वाढवतात. माझ्या मते हा उपाय सर्वांत शेवटचा, कारण शक्ती कमाल मर्यादेपर्यंत नेली की सिग्नल विकृत होऊ लागतो आणि वेगवान मॉड्युलेशनला (लहरींवर डेटा चढवण्याच्या पद्धतीला) तर स्वच्छ सिग्नलच लागतो.

छतावर चढण्याआधी हिशेब मांडावा. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या मोकळ्या अंतरात सिग्नलमध्ये सुमारे १२२ डेसिबल घट होते. रेडिओ २० डीबीएमवर (सिग्नलच्या शक्तीचे माप) आणि दोन्ही डिश २५ डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते याचे माप) असतील, तर बेरीज-वजाबाकीने पलीकडे उणे ५२ डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळायला हवा. प्रत्यक्षात उणे ७० दिसत असेल, तर बहुधा डिश मुख्य झोताऐवजी बाजूच्या कमकुवत झोतावर बसवली गेली आहे. अशा वेळी एक टोक स्थिर ठेवून दुसरी डिश आडव्या दिशेने दोन्ही बाजूंना सिग्नलच्या शिखराच्या बरीच पुढे फिरवावी, मग उभ्या दिशेने तसेच करावे, आणि त्यानंतर पहिल्या टोकाकडे वळावे.

समोरची डिश दुर्बिणीतून दिसली म्हणजे मार्ग मोकळा झाला, असे नव्हे. या अंतरावर मध्यभागी फ्रेनेल क्षेत्राची (दोन डिशमधील सरळ रेषेभोवती लहरी व्यापतात त्या जागेची) त्रिज्या सुमारे ८ मीटर असते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ५ मीटर, पत्र्याची छपरे, पाण्याच्या टाक्या व झाडे यांपासून मोकळा लागतो. कडुनिंबाची पानगळ सुरू असताना उभारलेली लिंक चैत्रपालवी फुटताच कमकुवत होते, तेव्हा झाडाच्या भरल्या घेराचा अंदाज घेऊनच खांबाची उंची ठरवावी.

सिग्नल हिशेबाप्रमाणे असूनही वेग नसेल, तर दोन्ही टोकांना स्पेक्ट्रम स्कॅन करावे, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर किती गोंगाट (नको असलेले सिग्नल) आहे ते पाहावे, कारण गोंगाट सिग्नल ऐकणाऱ्या टोकाला बाधतो. ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झचा चॅनेल (वारंवारितेचा पट्टा) घेतल्यास गोंगाट ३ डेसिबलने घटतो. गर्दीच्या भागात अरुंद चॅनेलच पुष्कळदा अधिक डेटा नेतो.

पावसाचा या वारंवारितेवर परिणाम नगण्य असतो, मात्र कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी आणि वळवाच्या वाऱ्याने हललेला खांब हमखास त्रास देतात. इथरनेट पोर्ट १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर अडकले नाही ना, हेही पाहावे. शेवटी चाचणी इंटरनेटवरच्या स्पीडटेस्टने न करता, दोन्ही टोकांना संगणक जोडून आयपर्फ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने करावी.